कपाटाचा पत्रा: मडगावच्या मेस्तांना उत्तर

नमस्कार मेस्तबाब,

तुम्ही नाव न देता ‘मडगावचा एक मेस्त’ एवढीच सही केलीत, म्हणून तशीच हाक मारतो. तुमची प्रतिक्रिया सोमवारी आली आणि मी उत्तर द्यायला आज रविवारी बसलोय. मधले दिवस रागात गेले असं समजू नका. तुम्ही लिहिलेली एक गोष्ट गाडीखाली झोपून तपासायची होती. ती तपासली आणि डोक्यात तयार असलेलं अर्धं उत्तर फेकून द्यावं लागलं. ते पुढे येईलच.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझ्या १९७८ च्या प्रीमियर पद्मिनीची (लोकांच्या तोंडी फियाट) सडलेली सिल, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पेट्या, आणि मागच्या मडगार्डांचे खालचे भाग मी गेल्या हिवाळ्यात घरी बनवून बसवले आणि त्याची हकिगत फोटोंसह लिहिली. त्यावर मेस्तांनी (आमच्याकडे कारागिराला मेस्त म्हणतात) लिहिलं:

‘घरच्या कपाटाचा पत्रा कापून गाडीला लावणं ही कारागिरी नव्हे, ठिगळ आहे. फियाटला वेगळी चासी नाही, सिलवरच ती उभी असते. व्हिडिओ बघून शिकलेल्याने ती जोडायची असेल तर स्वतःच्या जिवावर जोडावी, लोकांना शिकवू नये. कुर्ल्याला जाऊन ओरिजिनल पत्रा आणला असतात तर गाडीची किंमत राहिली असती. आणि मिगने जोडून वरून घासलेला टाका तडकणार, लिहून ठेवा. आमच्या वडिलांनी चाळीस वर्षं गॅसवर काम केलं, एकही गाडी परत आली नाही.’

(मिग म्हणजे विजेने तार वितळवत पत्रे जोडणारं वेल्डिंग, आणि गॅस म्हणजे ज्योतीवर केलेलं जुन्या पद्धतीचं.)

आधी कपाटाचं बघू, कारण सगळ्यांना झोंबलंय ते तेच. चूक माझी. फोटो कपाटाच्या दाराचा टाकला आणि खाली ‘नव्या पत्र्याची तयारी’ असं लिहून मोकळा झालो. वाचणाऱ्याला वाटलं अख्खी गाडी कपाटाची. सिल कपाटाची नाहीत. त्यांच्यासाठी म्हापशाहून १८ गेजचा नवा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा आणला, म्हणजे १.२ मिलिमीटर. कपाटाचं दार गेलं ते मागच्या चाकामागच्या, मडगार्डच्या खालच्या टोकाला. तिथे भार कसलाच नाही, फक्त चिखल उडतो. तिथेही ते आणलं आणि चिकटवलं असं झालं नाही. मागच्या सीटखाली गाडीचा पत्रा शाबूत होता, तिथला रंग खरवडून मायक्रोमीटर लावला तर ०.९ भरला. कपाटही ०.९, केसभर कमीच. कपाटाची एक पट्टी व्हाइसमध्ये धरून काटकोनात वाकवली, सरळ केली, पुन्हा उलट वाकवली. तडा गेला नाही. आपण आधी कपाट होतो हे पत्र्याला आठवत नसतं, मेस्तबाब.

ते कपाट आईचं होतं. करंझाळ्याच्या जुन्या घरात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, ते तीसेक वर्षं उभं होतं. ही गाडी काकांची, तीही त्याच अंगणात त्याच हवेत उभी असायची. कपाटाची दारं उतरवली तेव्हा वरचा सगळा पत्रा नव्यासारखा निघाला. गंज होता तो खालच्या चार बोटांत, लादी पुसताना ओल्या फडक्याचं पाणी लागून दाराच्या दुमडीत राहायचं तेवढ्यात. आता गाडी बघा. छप्पर शाबूत, दारांचा वरचा भाग शाबूत, डिकीच्या झाकणाचा मधला भाग शाबूत. सडलेलं सगळं कमरेखाली. आपल्याकडे काहीही गंजलं की खाऱ्या हवेच्या नावाने खडे फोडतात. हवेतून मीठ येतं हे खरंच, आणि मीठ असलं की ओल लवकर सुकत नाही, गंजाला जोर चढतो. पण त्याला आत बसून राहायला जागा लागते. दुमड, सांधा, बुजलेलं भोक असं काहीतरी.

आमच्या गाडीला तर मीठ हवेतून यायचीही गरज नव्हती. काका चोडण बेटावरच्या शाळेत शिक्षक. रोज रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट. भरती असली की धक्क्याच्या उतरणीवर मांडवीचं मचूळ पाणी चढलेलं असतं, आणि गाडी चढताना-उतरताना चाकं त्यातूनच जातात. सकाळी एकदा, दुपारी एकदा, वर्षानुवर्षं. त्यावर आपली तांबडी माती. चिखल तांबडा, गंजही तांबडा. मडगार्डच्या आत थर बसला की माती कुठे संपते आणि पत्रा कुठे सुरू होतो हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. मी स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला. तो मुठीपर्यंत आत गेला.

आता ‘ओरिजिनल’. कुर्ल्याला मी जाऊन आलो, त्या प्रवासाचं लेखात लिहिलं नाही कारण हात हलवत परत आलो होतो. या गाड्या बनल्याच कुर्ल्यात, १९६४ पासून फियाट अकराशे डिलाइट म्हणून, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. कारखान्यातलं उत्पादन थांबलं तरी सुटे भाग मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमुळे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली आणि २० वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. गिऱ्हाईकच उरलं नाही तर दुकानदार सिल कुणासाठी ठेवील? मला रबरं मिळाली, दिव्यांच्या काचा मिळाल्या, दाराचं एक हँडल मिळालं. सिल मिळाली ती भंगारातल्या गाडीतून कापलेली, आणि ती माझ्या सिलइतकीच कुजलेली. एका दुकानात काळा प्रायमर मारलेलं ‘नवं’ मडगार्ड दाखवलं. उलटं करून बघितलं तर आतून हातोडीचे वण. म्हणजे तेही कुणीतरी कुठल्यातरी गाळ्यात हाताने ठोकलेलंच! ज्यांच्याकडे पोर्तुगीज काळातली मॉरिस मायनर आहे त्यांचं बरं, त्यांना इंग्लंडहून दुरुस्तीचे नवे पत्रे मागवता येतात, भाडं आणि कस्टम परवडत असेल तर. आपल्या पद्मिनीला कोण विचारतो?

किमतीचंही सांगतो. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. माझी २०२८ ला पन्नाशी गाठेल. सडलेला तुकडा काढून त्याच आकाराचा बसवणं याला मी फेरफार मानत नाही, तरीही कापलेला प्रत्येक तुकडा चिठ्ठी लावून पोटमाळ्यावर ठेवलाय आणि फोटो आहेतच. पण खरं सांगू का, त्या नोंदणीत गेलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. आणि मला तर ती शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला न्यायचीय. केळी, सुंगटं, आणि परतीला पुढच्या सीटवर बडबडणारी आई. काचेआडच्या गाडीची किंमत मला नकोय.

सिलवरच गाडी उभी असते, या तुमच्या वाक्याशी मात्र वाद नाही. उलट लेखात ते मी ठळक लिहायला हवं होतं. रंगाच्या छटेवर मी दोन परिच्छेद खर्च केले आणि गाडीला आधार देण्यावर दोन ओळी. कुणीतरी ते वाचून सरळ ग्राइंडर चालवेल ही तुमची भीती रास्त आहे, म्हणून आता इथे लिहितो. आधी बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवून अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली. गाडी सपाट लादीवर चार स्टँडवर घेतली, जॅकवर नाही. दाराच्या चौकटीत अँगलचे दोन तुकडे तिरपे आणि एक आडवा असे वेल्ड केले, म्हणजे सिल नसताना चौकट मिटणार नाही. दोन्ही कर्ण मोजून खडूने छपरावर लिहिले. एका वेळी एकच बाजू, आणि तीही एका दमात नाही. कापल्यावर पुन्हा मोजलं तर दोन मिलिमीटर फरक आला होता, तो स्टँडखाली पॅकिंग सरकवून काढला. हे न करता सिल कापली असती तर जोडल्यावर दारं कधीच लागली नसती.

मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) हँगर जिथे बसतात तिथलाही पत्रा पातळ झाला होता. त्याला मी हात लावला नाही. ते काम बार्ज बोटींच्या दुरुस्तीच्या यार्डात उमेदीची वर्षं घालवलेल्या एका वेल्डरकडून करून घेतलं. खनिजाच्या बार्जची प्लेट कुजली की ती लोकं वर ठिगळ मारत नाहीत, चांगल्या लोखंडापर्यंत मागे जाऊन कापतात आणि मगच नवी प्लेट बसवतात. त्याने माझ्या खडूच्या रेषा बघितल्या, हसला, आणि प्रत्येक रेष दोन बोटं मागे सरकवली. त्या दिवशी जे शिकलो ते कुठल्या व्हिडिओत नव्हतं.

सिल बनवताना पुठ्ठ्यावर बराच वेळ गेला. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, तीनदा कापून बघितला. १८ गेजचा चार फुटी पत्रा हाताने सरळ दुमडत नाही. दोन जाड अँगलमध्ये आवळून लाकडी हातोड्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडं-थोडं झोपवत न्यावं लागतं. एकाच जागी जोर लावला की तिथे पोट सुटतं. खालची गोलाई पाण्याच्या जाड पाइपावर काढली. पुढच्या टोकाला सिल मडगार्डकडे वळते, तिथे पत्रा एका अंगाला जास्त होतो आणि सुरकुत्या धरतो. त्या वाळू भरलेल्या पिशवीवर हळूहळू ठोकून आटवल्या. एक टोक फुकट गेलं, दुसरं बसलं. चाकावरच्या कमानीच्या काठासाठी फणसाच्या फळीचा साचा कोरला, तो लेखात ज्याला सगळ्यांनी दाद दिली तो. खरं तर ते सगळ्यात सोपं काम होतं. कारखान्याचे स्पॉट वेल्ड (ठिपक्यांसारखे टाके) ड्रिलने काढले होते, ते मोजून जितके होते तितकीच ८ मिलिमीटरची भोकं नव्या कडेला पाडली आणि ती वेल्डने भरत गेलो.

अंडरकोटचं डांबर एकदा पेटलं. ओलं गोणपाट आणि बादली शेजारी होती, आई नळीसकट अंगणात होती, निभावलं. त्यानंतर वेल्डिंगच्या जागेपासून वीतभर डांबर आधी खरवडायला लागलो. बरोबर एक माणूस नसेल तर हे काम करू नका. ज्यांनी खाली ‘छपराचा जीआय पत्रा चालेल का’ (जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला) असं विचारलंय त्यांनाही इथेच सांगतो: नको. जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड त्याच्या कितीतरी वर वितळतं. वेल्ड करताना त्या जस्ताचा पांढरा धूर छातीत जातो आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

आता टाका. इथे मी आठवडाभर गाडीखाली होतो.

तुम्ही म्हणता मिगचा टाका तडकणार. तुमच्या म्हणण्यातला कळीचा भाग बरोबर आहे आणि तो मी लेखात लपवला नव्हता, मला तेव्हा समजलाच नव्हता. मिगचा टाका झटकन थंड होतो आणि कडक होतो, पत्र्याच्या वर उभा राहतो. त्याला हातोडी-डॉली (मागून धरायचा लोखंडी ठोकळा) लागू पडत नाही, मग ग्राइंडर, आणि ग्राइंडर फिरवताना टाक्याबरोबर शेजारचा पत्राही पातळ होतो. गॅसचा टाका मऊ. तो ठोकून पत्र्यात मिसळवता येतो, आणि जोडताना ताणलेला पत्रा त्याच ठोकण्यात परत जागेवर येतो. पण गॅसची धग हातभर पसरते, पत्रा लाट धरतो, आणि ती लाट उतरवणं हीच खरी विद्या. तुमच्या वडिलांच्या मनगटात ती होती. माझ्या नाही. म्हणून मी मिग घेतलं, ०.६ ची तार लावली, इंच-इंच अंतरावर टाके मारले, एक इथे तर पुढचा फूटभर लांब, आणि हात लावून कोमट झाल्याशिवाय पुढचा नाही. सिलला घड्या असतात, त्या तिला ताठ धरतात, तिथे हे चालून गेलं.

टॉर्च आणि भिंग घेऊन एकूणएक टाका बघितला. कडेला कड लावून जोडलेला एकही तडकलेला नाही. पण डाव्या मागच्या मडगार्डला, कपाटाच्या तुकड्याच्या वरच्या कडेला, प्रायमरमधून तपकिरी रेघ उतरलेली दिसली. ती जागा मला आठवली. तिथे माझं माप चुकलं होतं, फट बोटाएवढी झाली, आणि नवा तुकडा करायचा कंटाळा म्हणून नवा पत्रा जुन्यावर अर्धा इंच चढवून मी मोकळा झालो. लेखात त्याचा फोटो नाही. आता का नाही ते कळलं असेल. दोन पत्र्यांच्या मधल्या त्या अर्ध्या इंचात पाणी शिरलं. एका पावसाळ्यात. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून पत्रे फाकवत जातो आणि तुमच्या भाषेत टाका ‘तडकतो’. ते मी काल कापून काढलं. ठिगळ हा तुमचा शब्द त्या अर्ध्या इंचाला तंतोतंत लागू पडतो, आणि तेवढ्यापुरता मी तो मान खाली घालून घेतो.

मात्र वडिलांच्या गॅरेजातून एकही गाडी परत आली नाही, या वाक्यावर एक गोष्ट सांगतो, रागावू नका. पंधराएक वर्षांपूर्वी ही गाडी आम्ही एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगला दिली होती. नाव घेत नाही. गाडी आरशासारखी होऊन आली, काका खूश. गेल्या हिवाळ्यात तीच सिल उघडली तर सडलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा ठोकलेला, त्यावर बोटभर जाड लांबी (पुट्टी), आणि एका पोकळीत लांबीला आधार म्हणून वर्तमानपत्राचा बोळा. त्यावरच्या नोकरीच्या जाहिराती अजून वाचता येत होत्या. सिलच्या तळाला पाणी जायला असलेली भोकं अंडरकोटने बुजवलेली. लांबी ओल शोषून धरते, कागद त्याहून जास्त. त्या गॅरेजातही आमची गाडी परत गेली नव्हती. आम्ही दुसरीकडे गेलो.

तुमच्या वडिलांचं काम तसं होतं असं मी म्हणत नाही. म्हणतोय ते इतकंच की पत्रा कारखान्याचा, गॅरेजचा की कपाटाचा यावरून सिल किती टिकणार ते ठरत नाही. ती मागून जाते. पुढून आपण बघतो ते फक्त रंग. म्हणून यंदा सगळ्यात जास्त वेळ मी न दिसणाऱ्या बाजूला दिला. जोडायच्या कडांना आधीच जस्ताचा प्रायमर, कारण बंद पेटीत नंतर ब्रश जात नाही. वेल्डच्या धगीने आतला रंग जळतोच, त्यामुळे खरं काम सगळं जोडून झाल्यावर. टर्पेंटाइनमध्ये मेण आणि नवं इंजिन ऑइल पातळ करून, भोकं पाडलेली प्लास्टिकची नळी सिलमध्ये शेवटपर्यंत घालून, कॉम्प्रेसरच्या हवेने मागे ओढत-ओढत फवारलं. खालच्या भोकांतून थेंब पडायला लागले तेव्हा थांबलो. ती भोकं उघडी ठेवलीत, प्रत्येक बाजूला तीन, आणि चवथीच्या आधी एकदा तार घालून साफ करतो. मृगाआधी गाडीखाली जळकं ऑइल आणि डिझेल मारायची आपल्याकडची पद्धत मी सोडली. काही महिने ते काम करतं, पण रबराची बुशिंग फुगवतं, अंगण खराब करतं, आणि मुख्य म्हणजे सिलच्या बाहेरून लागतं. आत काहीच जात नाही.

राहिलं ‘लोकांना शिकवू नये’. फोंड्यात मी चार गॅरेजांत विचारलं होतं. एकाने इन्शुरन्सची गाडी असेल तर आण म्हणून सांगितलं. दुसऱ्याने गाडीभोवती चक्कर मारून विकून टाकायचा सल्ला दिला. बाकीच्या दोघांना बंपर बदलायचा असता तर आजच वेळ होता. महिनाभर एका जुन्या गाडीत अडकून पडणं त्यांना परवडत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. शिकवणारा मेस्त भेटला असता तर व्हिडिओ कोण बघत बसलं असतं? तुम्ही वडिलांबद्दल ‘काम केलं’ असं लिहिलंय, आणि स्वतः मेस्त म्हणून सही केलीय. म्हणजे ते तुमच्या हातात आहे, निदान तुम्ही ते बघितलंय.

म्हणून एक विचारतो. बॉनेटची पुढची कड उरलीय, वीतभर लांब आणि पूर्ण उघडी, तिथे घडी नाही की आडोसा नाही. ती मी मिगने करणार नाही. गॅसचा सेट भाड्याने आणून ठेवलाय आणि कपाटाचं दुसरं दार सरावाला शिल्लक आहे. ०.९ च्या पत्र्याला नोझल कितव्या नंबरचं लावायचं? आणि भरायला तार घ्यायची, की तुमचे वडील त्याच पत्र्याची बारीक पट्टी कापून वापरायचे?